तारा कुणी काढली

१

"ज्याच्या नजरेतून काहीही सुटत नाही असा माणूस एका शहरात एका वेळी एकच असतो, आणि या शहरात तो मी आहे."

हे वाक्य अनुस्वारांनी चित्रकार बाईंच्या दारात, एक हात चौकटीला टेकवून, शेवटच्या शब्दांपाशी जरा थांबत उच्चारलं. बाईंच्या सुनेने ते पूर्ण ऐकून घेतलं. मोठ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडू नये, असं तिला लहानपणी शिकवलेलं होतं. मग ती म्हणाली, "काका, चपला दोन वेगवेगळ्या घातल्यात तुम्ही."

अनुस्वारांनी खाली पाहिलं. डाव्या पायात त्यांची स्वतःची तपकिरी चप्पल होती. उजव्या पायात काळी होती, आणि ती त्यांच्या बायकोची होती.

"मुद्दाम," असं म्हणून ते आत आले.

अनुस्वार हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी एका दैनिकात बसून मुद्रितं तपासली. ठेंगणे, गोल आणि सदैव कुणाच्या तरी डोक्यावर बसलेले, म्हणून छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी त्यांना हे नाव दिलं. 'अनुस्वार' या शब्दावर स्वतःचा असा एकही अनुस्वार नसतो, ही गोष्ट त्यांना आयुष्यभर खुपत आली. निवृत्तीनंतर चुका मिळेनाशा झाल्या, तेव्हा ते आळीतल्या हरवलेल्या वस्तू शोधू लागले. दोन छत्र्या, एक मांजर आणि एक कवळी एवढं यश त्यांच्या नावावर जमा होतं. मांजर आपण होऊन परत आलं होतं, पण ते आलं तेव्हा अनुस्वार दारातच उभे होते.

आजची गोष्ट मात्र मांजराएवढी सोपी नव्हती.

भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांत बावीस मुख्य पत्ते असतात: मूर्ख, जादूगार, सम्राट, रथ, तारा, चंद्र, सूर्य वगैरे. बाईंनी त्या बावीस पत्त्यांची बावीस चित्रं केली होती आणि प्रत्येक चित्रासाठी कलेतला एकेक वाद वाटून दिला होता. सम्राट घनवादात होता, म्हणजे नाक कुठलं आणि मुकुट कुठला हे ज्याचं त्याने ठरवायचं. चंद्र अतिवास्तववादात वितळत होता. रथ भविष्यवादात इतका जोरात धावत होता की त्याला सोळा चाकं दिसत. मूर्खाला दादावाद मिळाला होता, आणि 'दादावाद म्हणजे दादागिरीच की' हा विनोद घरात येणारा प्रत्येक पाहुणा आपणच पहिल्यांदा करतोय अशा चेहऱ्याने करून जाई. या पत्त्यांच्या कॅटचं नावच 'बावीस वाद'. तेविसावा वाद आमच्या स्वयंपाकघरात चालतो, असं बाईंचे यजमान म्हणत.

चौदा महिन्यांचं ते काम आज संध्याकाळी पाचला छापखान्याची गाडी येऊन घेऊन जाणार होती. मूळ चित्रांवरूनच छपाई व्हायची होती, कारण छापून होईपर्यंत कुणी फोटो काढायचा नाही असा बाईंचा हुकूम होता. आणि आज सकाळी सून भिंतीवरच्या चौकटी उतरवायला गेली, तर सतरा नंबरची चौकट रिकामी.

अगदी रिकामी असंही नाही. काच जागेवर होती, मागचा पुठ्ठा जागेवर होता. मधलं चित्र तेवढं गेलं होतं, आणि ते असायचं तिथे, पुठ्ठ्याच्या बरोबर मध्यावर, एक चिठ्ठी चिकटवलेली होती. कावळ्याचे पाय शाईत बुडवावेत तशा अक्षरात त्यावर लिहिलं होतं:

'तारा मीं काढली. क्षमा असावी.'

अनुस्वारांनी ते वाक्य दोनदा वाचलं. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला, आणि तिथेच थांबला.

"चोर सभ्य आहे," ते म्हणाले. "फार सभ्य आहे. मला हे आवडलेलं नाही."

२

बाई चित्रांच्या खोलीतच स्टुलावर बसून होत्या. त्र्याहत्तराव्या वर्षीही पाठ ताठ. फक्त उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवलेला. गेल्या वर्षभरात त्या हाताला कंप सुटला होता, आणि तो धरून ठेवला की दिसत नाही असं बाईंना वाटे.

"बसा भाऊजी," त्या अनुस्वारांच्या दिशेला जरा डावीकडे पाहत म्हणाल्या. "मला तुम्ही नुसतेच गोल दिसताय. कालपासून चष्मा सापडत नाहीये."

"चष्मा असला तरी तसाच दिसतो मी," असं म्हणून अनुस्वार खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत, उशीवर, सगळ्या अधिकारानिशी बसले. खुर्ची करकरली. वजनाचं काहीतरी केलं पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं आणि नेहमीप्रमाणे निघूनही गेलं.

सगळं घर त्यांना या खुर्चीतून दिसत होतं. भिंतीवर एकवीस चित्रं आणि एक चिठ्ठी. दाराच्या कडेला भिंतीवर बाईंनी पेन्सिलीने लिहिलेली एक लांबलचक यादी: ब्रश धुतले. खिडकी लावली. गोळी घेतली. गॅस बंद. प्रत्येकापुढे बरोबरची खूण, आणि दर दिवसाची तारीख. यादी चार महिन्यांमागे सुरू झाली होती आणि तिच्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. हे अनुस्वारांना जरा लागलंच.

चौकशीला पहिली आली सून. ती ग्रंथालयात नोकरी करी, आज रजा काढून घरी होती, आणि 'बावीस वाद'चा सगळा व्यवहार तीच बघत होती.

"सकाळी चिठ्ठी दिसल्यावर काय झालं?"

"मी मोठ्याने वाचली. आईंना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. आई म्हणाल्या, पुन्हा वाच. मी वाचली. पुन्हा म्हणाल्या, वाच. तीनदा वाचून घेतली माझ्याकडून. मला भीतीच वाटली, आता या पडतायत की काय."

"आणि बाबा?"

"बाबा दारात होते. ते तसेच मागच्या शेडमध्ये गेले, ते अजून तिथेच आहेत."

"ताराच का नेली असेल? एवढा सम्राट सोडून?"

"सम्राट कसा धरायचा हे चोरालाही कळलं नसतं," सून म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "काका, तारा सगळ्यांत सुंदर होती. बिंदुवाद म्हणजे सगळं चित्र नुसत्या टिंबांचं. हजारो टिंबं, आणि लांबून बघितलं की पाण्याकाठी बसलेली बाई, वर आकाश, मोठी चांदणी. येईल तो तिच्यासमोर उभा राहायचा. पत्त्यांच्या खोक्यावर हेच चित्र घालू म्हटलं, तर आई एकदम तुटून पडल्या. म्हणाल्या, ती सोडून कुठलंही घाल."

"कारण?"

"सांगितलं नाही. आता छापखानेवाला म्हणतो, एकवीस पत्त्यांचा कॅट मी छापत नाही, गाडी रिकामी गेली तर तुमची पाळी पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षीचं आई बोलूच देत नाहीत. नवी तारा त्या हाताने होणार नाही, हे त्यांना माहीत आहे. आम्हालाही. आम्ही सगळे मिळून फक्त ते माहीत नसल्यासारखं करतो."

दुसरा संशयित फ्रेमवाला. तो निरोप मिळताच आला होता, कारण न येणं संशयास्पद दिसलं असतं, आणि आल्याआल्या एवढं बोलू लागला की तेही संशयास्पदच दिसू लागलं.

"साहेब, तारा मला हवी होती, हे मी आधीच सांगून टाकतो. बाईंना म्हटलं होतं, बावीसच्या बावीस चौकटी फुकट करून देतो, छपाई झाली की ती एक मला द्या. घरी लावली असती. पण मागितलेली वस्तू कुणी चोरतं का? चोरायची असती तर मागितली कशाला असती?"

"तर्क बरा आहे. बाराव्या चित्रातला माणूस तुम्हीच सरळ केला होतात ना?"

फ्रेमवाल्याने मान खाली घातली. बारावा पत्ता 'उलटा टांगलेला' हा; माणूस एका पायाने टांगलेला असतो, डोकं खाली. फ्रेमवाल्याने चौकटीला दुसऱ्या बाजूने आकडा ठोकून त्याला पायांवर उभा केला होता. आठवडाभर तो तसाच उभा राहिला.

"मला वाईट वाटलं त्याचं," फ्रेमवाला म्हणाला.

अनुस्वारांनी त्याच्या नावावर मनातल्या मनात काट मारली. टांगलेल्याला सोडवणारा माणूस चित्रातल्या बाईला पळवून नेणार नाही. हा पुरावा कुठल्याही न्यायालयात टिकला नसता, पण अनुस्वारांना न्यायालयात जायचंच नव्हतं.

"जरा ही चौकट बघा. उघडली कशी?"

फ्रेमवाल्याने ती उलटी केली. "मागच्या चार पिना रंगाच्या सुरीने उचकटल्यात. निळा लागलाय बघा. आणि परत दाबल्यात, पण वाकड्या. दिसत नसताना दाबाव्यात तशा." त्याने पिना काढल्या, पुठ्ठा बाहेर घेतला आणि चिठ्ठीच्या कडेवर नख फिरवलं. कड टचकन तुटली. "खळ आहे ही, पिठाची. माझ्याकडे खळ नसते, उंदीर लागतात. आणि ही काही कालची नाही साहेब. कालची असती तर नखाला चिकटली असती. ही वाळून खडखडीत झालीय, तडे गेलेत. चारेक महिने तरी झाले."

"म्हणजे तुम्ही चौकट केलीत तेव्हापासूनची."

"हो. पण पुठ्ठे मी नव्हते कापले. तयार कापून आले होते."

"कुणी कापले?"

फ्रेमवाल्याने मागच्या शेडकडे बोट केलं.

३

बाईंच्या यजमानांना आळीत सगळे पाटीवाले म्हणत. पन्नास वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शहरात जिथे जिथे काही विकायला, दुरुस्त करायला किंवा मनाई करायला होतं, तिथे त्यांचं अक्षर होतं, ठसठशीत, मोत्यासारखं. ते फक्त ब्रशाचं. पेन हातात आलं की त्याच हातातून कावळे उडत. म्हणून घरातल्या याद्या बाई नाही तर सून लिही, आणि पाटीवाल्यांचं कागदावरचं अक्षर सुनेने आजवर पाहिलेलं नव्हतं.

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. त्यातली सेहेचाळीस वर्षं बाई त्यांना "तुम्ही आपल्या पाट्या रंगवा" असं म्हणत आल्या होत्या. एक वर्ष त्या बोलत नव्हत्या.

शेडमध्ये पाटीवाले उलट्या डब्यावर बसून कोरडा ब्रश पुसत होते.

"या," ते म्हणाले. "बायकोची चप्पल बरी होते का पायाला?"

"जरा चावते." अनुस्वार दुसऱ्या डब्यावर बसले. "चिठ्ठी तुमची आहे."

पाटीवाले ब्रश पुसत राहिले.

"फ्रेमवाला म्हणतो, पुठ्ठे तुम्ही कापलेत. खळ तुम्ही वापरता. अक्षर कुणी ओळखलं नाही, पण मी एक गोष्ट पाहिली, ती कानाला ऐकू येत नाही. 'मी'वर टिंब आहे. 'मीं काढली.' जुन्या शुद्धलेखनात असं टिंब द्यायचे. ते उच्चारायचं नाही, नुसतं लिहायचं. नियम बदलले आणि पुढे चाळीस वर्षं मी लोकांच्या लिखाणातून ती टिंबं वेचून फेकत बसलो. या घरात आता ते टिंब देणारा एकच माणूस असू शकतो, ज्याची शाळा नियम बदलण्याआधी सुटली."

"हीसुद्धा त्याच वयाची," पाटीवाले म्हणाले.

"बाईंची यादी मी वाचली दाराजवळची. त्या नियम पाळतात."

"ते खरं. सगळे पाळते." पाटीवाल्यांनी ब्रश खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी ठरल्यासारखं दिसलं, आणि ते उभे राहिले. "मग घ्या लिहून. तारा मीच काढली. जळत होतो तिच्यावर. सत्तेचाळीस वर्षं पाट्या रंगवा म्हणते, म्हणून डोकं फिरलं. सगळ्यांना सांगा, म्हातारा चोर निघाला. पण पुढे काही विचारायचं नाही. तिला तर काहीच विचारायचं नाही."

"बरं. मग द्या."

"काय?"

"तारा. पाच वाजता गाडी येतेय. चोरी कबूल केलीत, आता माल द्या आणि मोकळे व्हा."

पाटीवाल्यांनी खाली ठेवलेला ब्रश पुन्हा उचलला. मग हळूच खाली बसले.

"भाऊ," ते म्हणाले, "ती कुठे आहे हे मला माहीत असतं, तर मी सकाळपासून इथे बसलो असतो का?"

अनुस्वारांच्या कारकिर्दीतला हा पहिलाच चोर. त्याने गुन्हा कबूल केला होता, चिठ्ठी त्याची होती, खळ त्याची होती. अडचण एवढीच होती की चोरी त्याने केलेली नव्हती.

४

पाटीवाल्यांना चहाला पाठवून अनुस्वार शेडमध्ये एकटे राहिले. इथे वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांनी न नेलेल्या पाट्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. 'दंतवैद्य'. 'संगीत वर्ग'. 'कृपया रांगेत यावे'. 'रंग ओला आहे' ही पाटी वाळून वीस वर्षं झाली असावीत. सगळ्यांवर बोटभर धूळ.

अनुस्वार वाचत गेले. समोर अक्षर आलं की ते वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. 'दंतवैद्य' बरोबर. 'संगीत' बरोबर. तिसऱ्या पाटीपाशी त्यांना काहीतरी टोचलं. चूक नव्हती, पण मुद्रितात एखादं अक्षर वेगळ्या टाइपातलं आलं की जसं टोचतं, तसं. ते मागे फिरले.

धूळ सगळीकडे सारखी नव्हती.

'दंतवैद्य'मधल्या 'दं'वरचं टिंब लख्ख पुसलेलं होतं. 'संगीत'मधल्या 'सं'वरचं. 'रांगेत'मधल्या 'रां'वरचं. 'रंग'वरचं. बाकी सगळं अक्षर धुळीत, आणि प्रत्येक अनुस्वार तेवढा चकचकीत, एका बोटाच्या रुंदीएवढा. कुणीतरी इथे उभं राहून, एकामागून एक, फक्त टिंबं चाचपली होती.

आपल्या जातीचा हा असा सन्मान झालेला अनुस्वारांनी प्रथमच पाहिला. त्यांनी स्वतः 'दं'वर बोट ठेवलं. टिंब सपाट नव्हतं. पाटीवाले टिंब देताना शेवटी मनगटाला पीळ देत असणार. मध्ये बारीकसा खळगा आणि भोवती कड, शर्टाच्या गुंडीसारखी. डोळे मिटूनही ओळखू यावं असं.

डोळे मिटूनही.

अनुस्वारांनी 'दंतवैद्य' पुढे ओढली. मागे, जुन्या स्वच्छ चादरीत गुंडाळून, भिंतीकडे तोंड करून, तारा उभी होती.

त्यांनी ती उजेडात धरली. पाण्याकाठची बाई, आकाश, चांदणी. खालच्या डाव्या कोपऱ्यात, पाण्याच्या थोड्याशा भागात, टिंबं कापरी होती, काही लांबट, काही एकमेकांत सांडलेली. तिथून पुढे सगळं चित्र संपेपर्यंत हजारो टिंबं, गोल, शांत, एकसारखी. अनुस्वारांनी एकावर बोट ठेवलं. गुंडी.

मग त्यांनी नाक शिंकरलं आणि धुळीला दोष दिला.

५

पावणेपाच वाजता सगळे चित्रांच्या खोलीत जमले. तारा टेबलावर, चादरीखाली होती. अनुस्वार आपल्या वेताच्या खुर्चीत बसले, खुर्ची करकरली, आणि त्यांनी घसा साफ केला.

"चिठ्ठी चोराची नाही," ते म्हणाले. "ती चार महिन्यांपूर्वी चिकटवलेली आहे. तारा कालपर्यंत जागेवर होती. आता मला सांगा, जी वस्तू डोळ्यांसमोर आहे तिच्याबद्दल माणूस 'मी काढली' असं कशाला लिहील?"

"आगाऊ?" फ्रेमवाला म्हणाला.

"आगाऊ क्षमा मागणारा चोर अजून जन्माला यायचाय. घोटाळा चोराने केलेला नाही, क्रियापदाने केलाय. आपण काढतो काय काय? चुका काढतो, रजा काढतो, फोटो काढतो, भांडण काढतो, आठवण काढतो. एक क्रियापद, त्याच्यावर अर्धा संसार. भिंतीवरून चित्र उतरवलं तरी आपण म्हणतो, काढलं. आणि कोऱ्या कागदावर..."

"चित्र काढलं," सून हळूच म्हणाली. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा?"

पाटीवाले खिडकीबाहेर बघत होते. "तिला ताप होता तीन आठवडे," ते तसंच बाहेर बघत सुनेला म्हणाले. "तू दिवसा कामावर. ही ग्लानीत एकसारखी म्हणायची, तारा राहिली, तारा राहिली. कोपरा तेवढा झालेला होता. उरलेल्याची रेघ हिने आखून ठेवलेली, रंग हिने कालवून ठेवलेले. टिंबंच तर द्यायची होती. तेवढं येतं मला. ही बरी होऊन उठली, चित्रासमोर उभी राहिली नि म्हणाली, हे मी कधी केलं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू म्हणालीस, आई, तापातसुद्धा काय काम केलंत. हिचा चेहरा बघितला आणि मी नुसती मान हलवली. मग सांगायची हिंमत झाली नाही. म्हणून चित्राच्या पाठीला सांगितलं."

"आणि काल ते काढलं कुणी? म्हणजे, उतरवलं?" फ्रेमवाल्याने विचारलं. तो आता शब्द जपून वापरत होता.

"ज्या माणसाने ते रंगाच्या सुरीने उघडलं, डोळ्यांना दिसत नसताना पुन्हा बंद केलं, म्हणून ज्याला आतली चिठ्ठी दिसली नाही," अनुस्वार म्हणाले. "मग शेडमध्ये जाऊन ज्याने पाट्यांवरची टिंबं बोटाने वाचली. आणि आज सकाळी चिठ्ठी ज्याने तीनदा वाचून घेतली. ती ऐकून बाकी सगळे बुचकळ्यात पडले. एकाच माणसाला तिचा अर्थ लागला, कारण 'उतरवली' या अर्थाने तारा आपणच काढली आहे हे त्या माणसाला माहीत होतं."

बाईंनी उजवा हात सोडला. तो कापू लागला, आणि त्यांनी तो कापू दिला.

"काल ती शेवटचं नीट बघावी म्हणून खिडकीशी आणली," त्या म्हणाल्या. "भिंग लावून बघितलं. कोपऱ्यातली टिंबं माझी. पुढची माझी नव्हेत. मग रडू आलं, चष्मा काढून ठेवला, आणि पुढचं सगळं आंधळेपणी केलं. टिंबं ओळखीची वाटत होती, म्हणून शेडमध्ये जाऊन बोट लावून बघितली. काल बोटाला कळलं. आज सकाळी कानाला."

"मग सकाळीच बोलायचं नाही का, अगं?" पाटीवाले म्हणाले.

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि दुसऱ्याचं चित्र माझ्या नावाने छापायला गेलेलं मला चालणार नव्हतं. गाडी रिकामी गेली असती तरी चाललं असतं." बाई यजमानांकडे वळल्या. "अहो, चार महिने मी रोज भिंतीवर लिहून स्वतःची परीक्षा घेतेय. गॅस बंद केला का, गोळी घेतली का. लोक जे माझं सगळ्यांत चांगलं काम म्हणतात, तेच केल्याचं मला आठवत नाही. मला वाटलं, सुरुवात झाली. आज चित्र विसरले, उद्या तुम्हाला विसरेन."

पाटीवाल्यांना हे माहीत नव्हतं. ते उठले, बाईंच्या स्टुलापाशी आले, आणि कुठे बसावं ते न सुचून जमिनीवरच बसले. "मला वाटलं, तुला बरं वाटेल," ते म्हणाले.

"आत्ता वाटतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी कापरा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि तो जरा कमी कापू लागला. "डोकं ठिकाणावर आहे माझं. तुमचं तपासून घेतलं पाहिजे. एवढं येतं, तर सत्तेचाळीस वर्षं मला 'पाट्या रंगवा' कशाला म्हणू दिलंत?"

"तू म्हणायचीस ते ऐकायला बरं वाटायचं," पाटीवाले म्हणाले. "एक वर्ष बोलत नव्हतीस, तेव्हा कळलं."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. सून उठली, डोळे पुसत फ्रेमवाल्याला म्हणाली, "चला, उतरवू या. आणि टांगलेला डोकं खालीच हं." फ्रेमवाल्याने तारा चौकटीत परत बसवली, पुठ्ठ्यावरची चिठ्ठी मात्र त्याने अलगद सोडवून टेबलावर ठेवली. बाईंनी अनुस्वारांना पत्त्यांचे अर्थ सांगणारी जी पुस्तिका खोक्यात जायची होती तिचं मुद्रित टेबलाच्या खणातून काढायला सांगितलं, आणि सतराव्या पानावर घालायचं वाक्य स्वतः सांगितलं. अनुस्वारांनी लाल पेनाने ते समासात लिहिलं: 'रेघ माझी. तारा यांनी काढली.'

मग खोलीत कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी 'यांनी'च्या 'नी'वर आणखी एक टिंब दिलं. चाळीस वर्षांत नियमाबाहेरचं टिंब त्यांनी स्वतःच्या हाताने प्रथमच दिलं होतं, आणि ते छान गोल आलं.

जिन्यावरून चौकटींचा आणि फ्रेमवाल्याच्या बोलण्याचा आवाज खाली उतरत गेला. भिंतीवर बावीस खिळे उरले. अनुस्वार खुर्चीत मागे रेलले. इथे दोन शब्द बोलणं भाग होतं.

"तात्पर्य," ते म्हणाले, "माणसं डोळ्यांनी बघतात, पण पाहत नाहीत. म्हणूनच प्रत्येक शहरात असा निदान एक माणूस लागतो, की ज्याच्या नजरेतून..."

"खरंय भाऊजी," बाई म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठी हातात घेऊन आधी लांब धरली, मग जवळ धरली, आणि शेवटी मांडीवर ठेवली. "ही मला माझी मी वाचायचीय. सत्तेचाळीस वर्षांतलं यांचं पहिलं पत्र आहे. तेव्हा जरा उठता का? मला आत्ता आठवलं, काल रडू आलं तेव्हा चष्मा मी त्याच खुर्चीत, उशीखाली ठेवला होता."